पाटी आपल्या नावाची हवी

गणपतीपुळ्यात घरगुती खोल्या देणारे, आंबापोळी आणि कोकम विकणारे अनेक छोटे व्यावसायिक आहेत. नव्याने धंद्यात पडणाऱ्यांना पहिली वेबसाइट करून देणे, हे शिकलेल्या तरुणांनी आपले कर्तव्य समजावे. मात्र एक खबरदारी घ्यावी. गूगलने २०१७ साली छोट्या धंद्यांना फुकट वेबसाइट दिली आणि मार्च २०२४ मध्ये ती सेवा बंद केली. ज्यांची सारी भिस्त तिच्यावर होती, त्यांचा पत्ताच गेला.

कापडाच्या धंद्यात आम्ही गाळा भाड्याने घेतो, पण पाटी स्वतःच्या नावाची लावतो. इथेही तोच हिशेब. वेबसाइटचे नाव, म्हणजे डोमेन, धंदेवाल्याच्याच नावावर आणि त्याच्याच ईमेलवर नोंदवावे. मुदत संपण्याआधी पैसे भरावेत, नाहीतर ते नाव दुसरा घेऊ शकतो. २०१४ पासून ‘.भारत’ या देवनागरी नावाचीही सोय आहे.

खोलीचे खरे फोटो, भाव, फोन आणि पावसाळ्यात चालू की बंद, एवढी माहिती सुरुवातीला पुरे. थान उलगडून दाखवल्याशिवाय गिऱ्हाईक भाव विचारत नाही. काम झाले की पासवर्ड मालकाच्या हाती द्यावा. मदत तेव्हाच पुरी होते.