लसीच्या तारखेलाच सीपीआरची उजळणी

बाळाला एनआयसीयूतून घरी सोडताना बऱ्याच ठिकाणी सिस्टर आईबाबांना सीपीआर शिकवतात. पुतळ्यावर हात बसतो, जिवाला बरं वाटतं आणि मग दुपटी नि जागरणं यांत सगळं मागे पडतं. उजळणी नसेल तर तीन-सहा महिन्यांत यातलं बरंच विसरतं. डॉक्टरांचंही तसंच होतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त उजळणीला वेगळा मुहूर्त शोधू नका. लसीकरण कार्डावर प्रत्येक डोसाच्या तारखेपुढे पेन्सिलीनं ‘सराव’ लिहा.

दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या डोसांनंतर सरकारी वेळापत्रकात नवव्या महिन्यापर्यंत मोठा खंड पडतो. नेमकं तेव्हाच बाळ रांगू लागतं, दिसेल ते तोंडात घालतं. म्हणून उष्टावणाच्या आदल्या दिवशी एक उजळणी हवीच. आजी-आजोबा आलेले असतात. बाळ दिवसभर त्यांच्याकडे राहणार असेल तर आधी त्यांना बसवा.

सराव बाळावर कधीच नाही. बाहुली घ्या, टेबलावर ठेवा, गादीवर नको. तळव्याला टिचकी, हाक. प्रतिसाद नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके असतील तर 108 लावून फोन स्पीकरवर. दोन्ही हातांनी छातीला वेढा घाला, अंगठे स्तनाग्रांच्या रेषेच्या किंचित खाली, मधल्या हाडावर. सुमारे चार सेंटिमीटर दाबा, छाती पूर्ण वर येऊ द्या. गती मिनिटाला 100 ते 120. तीस दाबांनंतर दोन फुंकरी: मान सरळ, नाक-तोंड दोन्ही आपल्या तोंडाखाली, छाती जरा उचलली की पुरे. मोजताना तीसपर्यंत जाऊ नका, ‘एकोणतीस’ म्हणेस्तोवर ताल तुटतो. दहा-दहा तीनदा मोजा. पूर्वी दोन बोटांनी शिकला असाल, तर अमेरिकन हार्ट असोसिएशननं 2025 मध्ये ती पद्धत वगळली आहे.

घशात काही अडकलं आणि बाळ जोरात खोकतंय, तर खोकू द्या. आवाजच फुटत नसेल तर हातावर पालथं, डोकं खाली, पाठीवर पाच थापा; मग उताणं करून छातीवर पाच दाब, वस्तू निघेपर्यंत आलटून-पालटून. बाळ निपचित पडलं तर सीपीआर. पोट दाबायचं नाही. वस्तू दिसत नसताना घशात बोटही घालायचं नाही, आपल्याकडे नेमकं तेच आधी जातं.

बाळंतीण माहेरी असेल तर तिथला पूर्ण पत्ता, जवळची खूण धरून, फ्रीजवर लावा. 108वाले तो विचारतात आणि जावयाला तो पाठ नसतो.