‘सिग्नल गेला’ म्हणे!

गुहागरच्या किनाऱ्यावर रिमोटचं विमान वाळूत नाक खुपसून पडलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "सिग्नल गेला!" उडवणारा पुण्या-मुंबईहून सुट्टीला आलेला असो, नाहीतर इथलाच असो, वाक्यात फरक नाही. जमलेली पोरंटोरं माना डोलावतात. कोणीतरी उत्तरेला अंजनवेलच्या दिशेने बोट दाखवतं आणि "तिकडे वीजप्रकल्प आहे ना, त्यामुळे होतं असं" अशी शास्त्रीय भर घालतं. झालं, चौकशी संपली! मग त्या विमानाचे तुकडे पिशवीत भरले जातात आणि ती पिशवी माळ्यावर जाते.

मंडळी, मला या दोन शब्दांचा मनापासून राग आहे. थर्माकोलचं विमान मोडलं म्हणून एवढा राग कशाला, असं तुम्ही म्हणाल. सांगतो.

आधी त्या बिचाऱ्या वीजप्रकल्पाला आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर काढू. आपल्या घरातल्या विजेची सेकंदाला ५० आवर्तनं होतात. आजचे बहुतेक रिमोट २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, म्हणजे सेकंदाला २४० कोटी आवर्तनं. तारांची खरखर जुन्या रेडिओवर ऐकू यायची हे खरं, पण ती इतक्या वरपर्यंत फारशी पोचत नाही. एके काळी सिग्नलची तक्रार रास्त होती. ३५ किंवा ७२ मेगाहर्ट्झचे रिमोट होते तेव्हा एकाच क्रिस्टलवर दोघांनी रिमोट चालू केले की एकाचं विमान दुसऱ्यामुळे पडायचं. म्हणून उडवायच्या मैदानावर एक फळी असायची, तिला चॅनलचे चिमटे लावलेले असायचे, आणि चिमटा ज्याच्या हातात त्यानेच रिमोट चालू करायचा. आताचा रिसीव्हर आपल्या रिमोटचा संकेत ओळखतो, इतरांचा सोडून देतो. काळ बदलला, सबब मात्र तीच राहिली.

मग आजही विमान मध्येच ऐकेनासं होतं ते का? त्याची कारणं बरीच आहेत, पण एक नेहमीचं कारण मुळापासून बघू, कारण त्यातच या दंतकथेचं मूळ आहे.

विमानाच्या शेपटीच्या आणि पंखांच्या फळ्या हलवायला सर्व्हो नावाच्या छोट्या मोटारी असतात. त्यांना आणि रिसीव्हरला साधारण ५ व्होल्ट लागतात. मुख्य बॅटरी तीन सेलची असेल तर पूर्ण भरल्यावर १२.६ व्होल्ट देते. ते कमी करून ५ वर आणण्याचं काम स्पीड कंट्रोलरमधलं एक सर्किट करतं. स्वस्त स्पीड कंट्रोलरमध्ये हे काम सरळ उष्णता करून होतं: वरचे सात व्होल्ट जाळून टाकायचे. सर्व्होंनी २ अँपिअर ओढले की १४-१५ वॅट उष्णता झाली, आणि तीही नखाएवढ्या चिपवर! आता खाऱ्या हवेने सर्व्होच्या सळईला गंज धरलेला असेल, फळीची बिजागरी घट्ट झाली असेल, तर सर्व्हो अडतो आणि जास्त प्रवाह ओढतो. चिप तापते, व्होल्टेज कोसळतं, रिसीव्हर क्षणभर बंद पडून पुन्हा चालू होतो. तेवढ्या एक-दोन सेकंदांत विमान खाली.

आणि गंमत पुढेच आहे. जमिनीवर येऊन तपासलं तर सगळं ठणठणीत! फळ्या हलतात, मोटार फिरते. कारण भार गेला, चिप थंड झाली. मग "सगळं तर चालतंय, म्हणजे सिग्नलच गेला असणार" असा निष्कर्ष. पुरावा निवला, म्हणून गुन्हा हवेवर ढकलला.

दुसरी सबब वाऱ्याची. "वाऱ्याने पाडलं." शाळेच्या भूगोलात आपण सगळे खारे वारे आणि मतलई वारे पाठ करतो. दुपारी समुद्राकडून जमिनीकडे, रात्री आणि पहाटे उलट. पण तेच दुपारी चार वाजता किनाऱ्यावर विमान घेऊन उभं राहिल्यावर आठवत नाही. समजा वारा ताशी २० किलोमीटर आहे आणि तुमचं विमान हवेतल्या हवेत ताशी ३० ने चाललं आहे. वाऱ्याच्या दिशेने, म्हणजे सुरूच्या बनाकडे वळलं की जमिनीवरून बघणाऱ्याला ते ५० ने धावताना दिसतं. घाबरून तुम्ही मोटार कमी करता. विमानाला हवेत तरंगायला २५ तरी लागतात आणि उरतात २०. पंख उचलणं सोडून देतात, विमान पडतं. वाऱ्याने काही केलं नाही. तो ज्या दिशेने वाहणार असं पुस्तकात लिहिलं होतं, त्याच दिशेने वाहत होता.

तिसरा आरोपी म्हणजे "माल". "चायनाचा माल, दुसरं काय!" रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या वाळूत काळे जड कण असतात, इल्मेनाइटचे आणि मॅग्नेटाइटचे. ब्रशलेस मोटारीत जबरदस्त चुंबक असतात. अशी मोटार एकदा वाळूत पडली की काळे कण आत जाऊन चिकटून बसतात आणि फुंकर मारून निघत नाहीत. मोटार खरखरते, तापते, एक दिवस बसते. मोटार बनवणाऱ्याला शिव्या देण्याआधी ती उघडून आत बघायला काय हरकत आहे? चिकटपट्टीचा तुकडा आत फिरवला की ते कण त्याला चिकटून येतात. दोन रुपयांचं औषध आहे.

आता "कशाला एवढी खुडबुड, शे-दोनशे रुपयांचा सर्व्हो आहे, नवीन लावा" म्हणणाऱ्यांकडे वळतो. यांचं म्हणणं वरवर शहाणपणाचं वाटतं. वेळेला किंमत आहे, मान्य. पण दोष सर्व्होत आहे हे ठरवलं कोणी? तीन मिनिटांचं काम असतं. दोन सर्व्होंच्या वायरी रिसीव्हरवर एकमेकींच्या जागी लावा. दोष सर्व्होबरोबर सरकला तर सर्व्हो वाईट. दोष त्याच जागी राहिला तर सर्व्हो निर्दोष, गडबड रिसीव्हरमध्ये किंवा रिमोटमध्ये. वायर हलवल्यावर येतो-जातो असेल तर डाख सुटला आहे, किंवा कनेक्टरवर हिरवट गंज आहे. हे न करता नवा सर्व्हो लावणारा माणूस पैसे देऊन फक्त पुढचा अपघात विकत घेतो.

कोणी म्हणेल, ही गावाकडची अडचण आहे, इथे वाळू, खारं वारं, जवळ दुकान नाही. तर मग ज्या दोघांनी माणसाला उडवलं त्यांची जागा बघा. अमेरिकेतलं किटी हॉक हेही समुद्रकाठचं वाळूचं, वाऱ्याचं आणि गैरसोयीचंच गाव होतं. १९०१ साली राइट बंधूंचं ग्लायडर तिथे हिशेबापेक्षा फारच कमी उचल देत होतं. "वारा बरोबर नव्हता" म्हणून ते घरी जाऊ शकले असते. त्यांनी उलट ज्या आकड्यांवर सगळे डोळे झाकून विसंबत होते तेच तपासायला घेतले. सहा फुटी लाकडी पेटीत वाऱ्याचा बोगदा केला, करवतीची पाती आणि सायकलच्या स्पोकची तार वापरून तराजू केले आणि पंखांचे दोनशेच्या आसपास आकार मोजले. हवेच्या दाबाचा शंभर वर्षांहून जुना गुणक ०.००५ धरला जात होता, तो ०.००३३ च्या जवळ आहे असं निघालं. १९०३ च्या नोव्हेंबरात इंजिन सुरू केल्यावर प्रॉपेलरच्या दांड्यावरची चाकं सैल व्हायला लागली, तेव्हा त्यांनी ती सायकलचा टायर चिकटवायच्या सिमेंटने बसवली. मग पोकळ दांड्याला चीर गेली, तर ऑर्विल रेल्वेने डेटनला जाऊन भरीव पोलादी दांडे करून घेऊन आला. १७ डिसेंबरला विमान उडालं. पहिलं उड्डाण १२ सेकंदांचं, त्या दिवशीचं शेवटचं ५९ सेकंदांचं.

त्याच वर्षी सॅम्युएल लँग्ली या मोठ्या शास्त्रज्ञाचं विमान ७ ऑक्टोबरला आणि ८ डिसेंबरला पोटोमॅक नदीत पडलं. सरकारचे ५०,००० डॉलर त्यात होते. माणूस साधा नव्हता, १८९६ साली त्याची बिनमाणसाची मॉडेल विमानं उत्तम उडाली होती. पण माणसाचं वजन वाहणारा मोठा सांगाडा पुरेसा भक्कम आहे का, हा प्रश्न बाजूला राहिला. त्याने दोष दिला उडवायच्या यंत्रणेला. ती त्याची ‘सिग्नल गेला’ होती म्हणा ना!

आपल्याकडे १८९५ साली तळपद्यांनी चौपाटीवर विमान उडवल्याची गोष्ट अभिमानाने सांगितली जाते. मी त्यांची टिंगल करणार नाही, खटपट करणाऱ्या माणसाबद्दल मला आदरच आहे. पण विमानाचं वजन किती, पंख केवढे, कुठे बिघडलं, मग काय बदललं, याची तपासून बघता येईल अशी नोंद आपल्या हाती नाही. अभिमान बाळगायला गोष्ट पुरते, पुढचं विमान बांधायला वही लागते. आणि वही ठेवायची सवय आपल्याला आजही नाही.

२०१६ पासून शाळांमधून ‘अटल टिंकरिंग लॅब’ आल्या. योजनेच्या नावातच खुडबुड आहे. छान आहे. पण परीक्षेत ‘हे यंत्र बंद आहे, का ते शोधा’ असा प्रश्न येत नाही तोवर मुलं खोकं जोडायला शिकतील, बिघाड शोधायला नाही.

"खेळणं तर आहे" म्हणणाऱ्यांसाठी एक हिशेब. दीड किलोचं विमान ताशी ६० किलोमीटरने आदळलं तर त्याचा मार १४ मीटर उंच माडावरून पडलेल्या तेवढ्याच वजनाच्या असोल्या नारळाइतका असतो. माडाखाली पोरांना कोणी बसू देत नाही. किनाऱ्यावर मात्र बिघाड न शोधलेलं विमान आपण त्यांच्या डोक्यावरून फिरवतो. ‘ड्रोन नियम, २०२१’मध्ये २५ किलोपर्यंतच्या, नजरेच्या टप्प्यात उडवायच्या हौशी आणि शैक्षणिक मॉडेलांना टाइप सर्टिफिकेटमधून सूट दिली आहे. म्हणजे विमान धड आहे की नाही हे तपासायला कोणी साहेब येणार नाही, ते काम तुमचं. उद्या एखाद्याच्या डोक्यात विमान बसलं तर ती सूट किती टिकेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

करायचं फार काही नाही. टेबलावर काही तपासायचं तर आधी प्रॉपेलर काढा, बोटं महाग असतात. बॅटरीचं व्होल्टेज नुसतं नको, सगळे सर्व्हो हलवत असताना मोजा. किनाऱ्यावर गेल्यावर रिमोट कमी ताकदीच्या मोडवर ठेवून तीस पावलं लांब जा, आणि मोटार चालू असतानाही तेच करून बघा, विमान मात्र कोणीतरी मागून घट्ट धरलेलं हवं. तसंच धरलेलं असताना रिमोट बंद करा, मोटार थांबलीच पाहिजे. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदललं ते तारखेसकट लिहा. रिसीव्हरची अँटेना तुटलेली आहे का तेही बघा, कारण कधीकधी सिग्नल खरंच जातो! पण तो का गेला, हे त्यानंतर विचारायचं असतं.

माळ्यावरच्या त्या पिशवीबद्दल माझी खरी तक्रार ही आहे. तिच्यात विमानाबरोबर एका बारा-तेरा वर्षांच्या पोराचा समजही बांधून ठेवलेला असतो, की गोष्टी बिघडतात त्या आपोआप आणि त्यात आपण काही करू शकत नाही. हाच पोरगा उद्या पंप बसवेल, बोटीचं इंजिन उघडेल, कदाचित दवाखान्यातलं यंत्र सांभाळेल. तेव्हाही तो आकाशाकडेच बोट दाखवणार का?

असो. पावसाळ्यात किनाऱ्यावर उडवणं बंदच असतं. पिशव्या खाली काढा, मल्टिमीटर घ्या आणि एक वही.