किल्ली कुणाच्या खिशात? डेटाबेस एकदा स्वतः बांधून पाहा

आमच्या अभ्यासवर्गातल्या मुलांच्या शिष्यवृत्ती अर्जांच्या नोंदी आम्ही एका विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवत होतो. एका वर्षी पैसे भरायला उशीर झाला आणि लॉगिन बंद पडले. मुले आमची, माहिती आमची, रात्री जागून टाइप केलेले आम्ही. किल्ली मात्र दुसऱ्याच्या खिशात. ज्ञानावर ज्याचा ताबा त्याचीच सत्ता, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. तेव्हाच ठरवले, नोंदी पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसमध्ये ठेवायच्या आणि तो एकदा तरी सोर्स कोडपासून स्वतः बांधायचा.

‘एका कमांडमध्ये तयार पॅकेज बसते, मग हा उपद्व्याप कशाला?’ असे आमचेच कार्यकर्ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. रोजच्या वापराला तयार पॅकेजच बरे; सुरक्षेच्या सुधारणा त्यातून सहज मिळतात. पण तयार पॅकेजमध्ये काय घ्यायचे आणि काय वगळायचे, हे आपल्या आधी कुणीतरी ठरवलेले असते. ते निर्णय कुठे होतात हे एकदा तरी डोळ्यांनी पाहिले पाहिजे, एवढाच आमचा आग्रह आहे.

हा प्रकल्प १९८६ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात प्राध्यापक मायकल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. १९९६ मध्ये त्याला पोस्टग्रेस्क्यूएल हे आजचे नाव मिळाले. त्याचा परवाना कोणालाही, कोणत्याही कामासाठी, विनामूल्य वापरण्याची, बदलण्याची आणि वाटण्याची मुभा देतो. दार उघडे आहे. आत जायचे की नाही, हा आपला प्रश्न आहे.

कृती चार पायऱ्यांची. ‘कॉन्फिगर’ आपल्या संगणकावर काय आहे, काय नाही हे तपासते. ‘मेक’ माणसाने लिहिलेल्या सी भाषेतल्या कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करते. ‘मेक चेक’ बांधलेले नीट चालते का याची परीक्षा घेते. ‘मेक इन्स्टॉल’ ते जागेवर बसवते.

आम्ही पहिल्याच पायरीवर अडलो. सोळाव्या आवृत्तीपासून ‘कॉन्फिगर’ आयसीयू ही लायब्ररी मागते आणि ती सापडली नाही तर थांबते. आयसीयू नको असेल तर ‘विदाउट-आयसीयू’ लिहा, अशी पळवाटही आहे. आमच्यातला एक जण ते टाइप करायला निघालाच होता. पण आयसीयू म्हणजे काय? जगातल्या भाषांचे वर्णक्रम जाणणारी लायब्ररी. तिच्यात मराठीही आहे.

मराठी वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो. युनिकोडच्या क्रमांकांत तो ल आणि व यांच्यामध्ये बसतो. नुसत्या क्रमांकांवर यादी लावली तर काळे आधी आणि कासारे नंतर येतात. मराठी शब्दकोशात नेमके उलटे. यादी चाळणाऱ्याला नाव जागेवर सापडले नाही, तर तो ‘तुमचे नाव नाही’ म्हणून मोकळा होतो. यात कुणाचा कट नाही. बांधायला बसलेल्याला ळ ची गरज नव्हती, एवढेच. जो बांधायला बसतो, त्याच्याच गरजा आत शिरतात.

आम्ही आयसीयूच्या फाइली बसवल्या, पुन्हा ‘कॉन्फिगर’ चालवले आणि पुढे ‘इनिटडीबी’ करताना आयसीयू व मराठी निवडले. नुसती लायब्ररी जोडून भागत नाही, ही निवडही करावी लागते.

स्वतः बांधले की जबाबदारीही आपली. नव्या आवृत्त्यांवर लक्ष ठेवा, ‘पीजी-डम्प’ने नियमित बॅकअप घ्या आणि बॅकअप परत उघडतो का तेही तपासा. मुलांची माहिती म्हणजे खेळणे नव्हे.

मित्रांनो, संगणक वापरणारे आपल्यात आता पुष्कळ आहेत, बांधणारे हवेत. एका रविवारी एक जुना संगणक घेऊन चौघे जण बसा. चूक आली की ती पूर्ण वाचा. पळवाट टाइप करण्याआधी एकच विचारा: यात आपले काय वगळले जाते आहे?