कुंपणाबाहेरचे ठाणे

गुढीपाडवा असो वा दसरा, ठाण्यातील नव्या गृहसंकुलांच्या जाहिरातींत तलाव, येऊरचे जंगल आणि येऊ घातलेली मेट्रो हटकून असते. त्या घरांच्या नळाला पाणी कुठून येणार, हे मात्र एकाही जाहिरातीत नसते. विकासकाने ते टाळावे यात आश्चर्य नाही. परवानगी देणारी महापालिकाही ते ग्राहकाला सांगत नाही, हे अधिक गंभीर आहे.

ठाणे हे एकेकाळी पाळ्यांवर चालणारे शहर होते. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची पहिली वसाहत इथल्याच वागळे इस्टेटमध्ये झाली. रेमंडची लोकरीची गिरणी त्याहून कितीतरी जुनी. पोखरण रस्त्यापासून कोलशेतपर्यंत कापड, रसायने, औषधे आणि यंत्रे बनत. पुढे मालकांना मालापेक्षा भूखंड किफायतशीर वाटू लागला आणि एकेका कारखान्याचे दार बंद होत गेले. आज रेमंडच्या आवारात आणि कोलशेतच्या रासायनिक कारखान्याच्या जागेवर मनोरे उभे आहेत. २००१ च्या जनगणनेत साडेबारा लाखांच्या घरात असलेली शहराची लोकसंख्या २०११ मध्ये १८ लाखांपुढे गेली होती.

मुंबईत परवडत नाही म्हणून ठाण्यात येणाऱ्या आणि पुढची वीस वर्षे हप्ते फेडणाऱ्या कुटुंबाला यात दोष देता येणार नाही. दोष आहे तो जमिनीचा वापर बदलताना हिशेब न करणाऱ्या यंत्रणेचा. कारखान्याच्या जागी घरे आली की शहराची तहान वाढते आणि शहरातले काम घटते. ज्या ठाण्यात बाहेरून माणसे कामाला येत, तिथून आता रोज सकाळी नोकरदारांचे लोंढे मुंबईकडे निघतात. त्यांचा भार हलका करणारे ठाणे-मुलुंडदरम्यानचे नवे स्थानक वर्षानुवर्षे रखडले. घोडबंदर रस्त्यावर तर त्यांची वाहने न्हावाशेवा बंदरातून गुजरातकडे जाणाऱ्या कंटेनरांमागे खोळंबतात.

पाण्याची अवस्था याहून बिकट. महापालिकेचे स्वतःचे धरण नाही. स्वतःची पाणीयोजना, स्टेम प्राधिकरण, औद्योगिक विकास महामंडळ आणि मुंबई महापालिका अशा चार ठिकाणांहून पाण्याची जुळवाजुळव होते. २०१७ मध्ये पाण्याअभावी घोडबंदर पट्ट्यातील नव्या बांधकामांना मुंबई उच्च न्यायालयाने वेसण घातली होती. महापालिकेने स्वतःहून करायचे काम न्यायालयाला करावे लागले. त्यातून धडा घेतला गेला नाही. मनोरे वाढतच राहिले आणि टँकरही.

रेरा कायद्याने ग्राहकाला बरेच दिले, हे मान्य केलेच पाहिजे. करार नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, ग्राहकांच्या पैशातील ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवावे लागतात, बांधकामातील दोषांची जबाबदारी ताबा दिल्यापासून पाच वर्षे विकासकावर राहते. पण हे संरक्षण बहुतांशी संकुलाच्या कुंपणापाशी संपते. रस्ता, पाणी, सांडपाणी आणि रोजगार या कुंपणाबाहेरच्या गोष्टींना जबाबदार कोण, याचे उत्तर कोणत्याही करारात नसते.

म्हणून दोन गोष्टी व्हायला हव्यात. महापालिकेने दरवर्षी प्रभागनिहाय पाण्याचा ताळेबंद जाहीर करावा आणि नव्या बांधकामाची परवानगी त्याच्याशी बांधून टाकावी. तोच ताळेबंद महारेराच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्रकल्पाच्या नोंदीसोबत दिसावा. दुसरे, औद्योगिक जमीन निवासी करताना तिचा ठोस हिस्सा रोजगार देणाऱ्या उद्योगांसाठीच राखावा, तो पुन्हा दुकानांच्या गाळ्यांत जिरू नये.

अशा अटींनी घरे महागतील, अशी ओरड होईल. पण ठाणेकर ती महागाई आजही भोगतोच आहे. सोसायटीच्या मासिक देखभाल खर्चात टँकरचे बिल असते आणि प्रवासातले तास कोणी भरून देत नाही. फरक इतकाच, की आज ही किंमत त्याला घराचा ताबा घेतल्यावर कळते. ती सौदा करण्यापूर्वी कळणे हा त्याचा हक्क आहे. विकास शुल्क वसूल करणाऱ्या महापालिकेने आधी पाणी दाखवावे, मग मजले मंजूर करावेत.