खिडकीचा खर्च कुणाचा?

सांगलीचे चिंतामणराव पटवर्धन १८५१ मध्ये गेले आणि विष्णुदास भाव्यांच्या नाटकमंडळीचा राजाश्रय सुटला. मंडळी गावोगाव फिरू लागली. १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या थिएटरात तिने तिकीट लावून खेळ केला. मराठी प्रेक्षक तेव्हापासून पदरचे पैसे मोजून नाटक बघतो आहे. थिएटरचं भाडं, दिवाबत्ती, नटांचे पगार आणि तिकिटं विकायला बसलेला माणूस, सगळ्यांचा खर्च त्या एका आकड्यातून निघे. तिकीट विकणाऱ्याचे पैसे वरून वेगळे द्या, असं एखाद्या मालकाने म्हटलं असतं तर पिटातल्या मंडळींनी त्याची चांगलीच हजेरी घेतली असती.

महागाईची कुरकुर मात्र तेव्हाही असणारच. ७ जुलै १८९६ ला वॉटसन्स हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली, त्याचं तिकीट एक रुपया होतं. पुढे नॉव्हेल्टी थिएटरात चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत दर लागले. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी ‘संयुक्त मानापमान’ केलं तेव्हा दर शंभर रुपयांपर्यंत गेले. पण आकडा आधी कळत होता, परवडेल त्याने जावं. १९२३ च्या कायद्याने करमणूक कर आला, तोही तिकिटावर वेगळा छापलेला दिसे. अगदी सिनेमाबाहेरचा ब्लॅकवालासुद्धा भाव तोंडावर सांगायचा. त्याचं समर्थन करायचं कारण नाही, पण घासाघीस तरी करता यायची.

दादरचं शिवाजी मंदिर किंवा पुण्याचं बालगंधर्व ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना बुकिंगचा प्लॅन आठवत असेल. खिडकीपलीकडे कागद पसरलेला, रांगांची अक्षरं, चौकोनात आसनक्रमांक आणि विकलेल्या खुर्चीवर पेन्सिलीची फुली. ‘एचमध्ये दोन आहेत, पण कडेच्या. मधल्या हव्या तर एल.’ एवढा सल्ला दरातच मिळायचा. बुकिंग क्लार्कचा पगार, छापील तिकिटं, पेन्सिल, हा धंद्याचा खर्च होता आणि तो धंदा करणाराच सोसत होता.

आता पडद्यावर खुर्ची निवडायची. निवडताच उलटं घड्याळ सुरू होतं. घाईघाईत नंबर टाकायचा, ओटीपी द्यायचा आणि शेवटच्या पानावर रक्कम वाढलेली दिसते. शेजारच्या बारीक बाणावर बोट ठेवलं की कन्व्हिनियन्स फी उलगडते, तिच्यावर १८ टक्के जीएसटी आणि कधीकधी दानाचा रुपया, आधीच टिक केलेला. फी बहुधा माणशी असते. एकाच व्यवहारात चार तिकिटं काढली तर चारदा. चौथ्या खुर्चीने सर्व्हरवर असं कोणतं ओझं येतं, हे कुणी सांगत नाही.

याची मेख अमेरिकेत सापडते. १९७६ मध्ये ॲरिझोनात सुरू झालेल्या टिकेटमास्टरची सूत्रं १९८२ मध्ये फ्रेड रोझेन यांच्याकडे आली. तोवर तिकीटविक्री ही सभागृहांच्या खर्चाची बाब होती. रोझेन यांनी तो बोजा प्रेक्षकाकडे सरकवला आणि जमलेल्या फीतला वाटा सभागृहांना देऊ केला. खर्चाच्या जागी उत्पन्न आलं, मग नाही कोण म्हणणार? आपल्याकडेही मल्टिप्लेक्स कंपन्यांच्या उत्पन्नाच्या तपशिलात कन्व्हिनियन्स फी दिसते. तेव्हा सगळी फी ॲपवालेच गिळतात, ही आपली समजूत अर्धीच खरी आहे. सरकारही यात मागे नाही. आयआरसीटीसीने नोटाबंदीनंतर माफ केलेली फी २०१९ मध्ये परत लावली. ऑक्टोबर २०२१ मध्ये रेल्वे खात्याने त्या फीत निम्मा वाटा मागितला, शेअर कोसळला, दुसऱ्याच दिवशी मागणी मागे घेतली गेली. फी सोयीची खरी, पण कुणाच्या, ते त्या एका दिवसात कळलं.

महाराष्ट्र सरकारने २०१३ आणि २०१४ मध्ये आदेश काढून ऑनलाइन सिनेमा तिकिटांवरच्या या फीला मनाई केली होती. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते आदेश रद्द केले. कायद्याचं पाठबळ नसताना सरकारला धंद्याच्या स्वातंत्र्यावर अशी बंधनं घालता येत नाहीत, हा त्यातला मुद्दा कायद्याच्या अंगाने बरोबरच आहे. ग्राहकावर सक्ती नाही, तो खिडकीवर जाऊ शकतो, हाही मुद्दा निघाला. तो खरा ठरायचा तर खिडकी उघडी असायला हवी. मोठ्या मैफलींना हल्ली खिडकीच नसते. असली तरी ती उघडेपर्यंत मधल्या रांगा गेलेल्या असतात.

नाटकात तर आणखी गंमत आहे. पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी माफ आहे, आणि दर वाढला की काही नाट्यगृहांचं भाडंही चढतं. म्हणून निर्माता तिकिटाच्या रुपया-रुपयाचा हिशेब करतो. फी मात्र या सगळ्याबाहेर. करमुक्त नाटकाचा प्रेक्षकही फीवरचा जीएसटी भरतोच.

नवा कायदा येईल तेव्हा येवो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ज्या तेरा फसव्या क्लृप्त्यांना मनाई केली, त्यांत शेवटी किंमत वाढवणं आहे आणि न विचारता टोपलीत वस्तू टाकणंही आहे. खुर्ची निवडतानाच फीसकट दर दाखवायला लावण्यासाठी एवढं पुरेसं आहे. आणि राज्यातली अनेक नाट्यगृहं महापालिकांची आहेत. तारखा त्याच वाटतात, भाड्याच्या अटीही त्याच ठरवतात. ऑनलाइन विक्री ज्या दिवशी सुरू होईल त्याच दिवशी खिडकीही उघडावी आणि प्रत्येक रांगेतल्या काही मधल्या खुर्च्या तिच्यासाठी राखाव्यात, ही अट त्यांत घालायला कुठल्या न्यायालयाची परवानगी लागणार आहे?