रणभूमीवर मुक्काम कुठे करावा?

रणभूमी पाहायला निघालेल्या माणसाने रात्री निजावे कुठे, हा आमच्याकडे कुणाला प्रश्नच वाटत नाही. पाहायचे ते दिवसा पाहावे आणि रात्री जिथे पाणी, वीज आणि मोरी असेल तिथे पडावे, असे सरळ उत्तर मिळते. माझे म्हणणे नेमके उलटे आहे. अशा प्रवासात मुक्कामाची जागा आधी ठरली पाहिजे. बाकीचे सारे तिच्या मागून. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही, चुका करून सांगतो आहे. त्यांतल्या एका चुकीची लाज अजून गेलेली नाही, म्हणून आवाज थोडा चढला तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

मी चित्रकलेचा मास्तर. शिक्षण मॅट्रिक. कादंबऱ्या लिहितो, पण त्या घरी बसून. परदेशाचा योग आला तो धाकट्या बहिणीमुळे. ती जर्मनीत असते. गेल्या मे महिन्याच्या सुटीत तिने मला बोलावून घेतले आणि तिच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या दाजींनी, पंधरा दिवसांसाठी एक फिरते घर भाड्याने घेतले. सहा-सात मीटर लांबीची मोटार. आत बिछाने, शेगडी, न्हाणी, संडास सगळे काही. इटलीत तिला कॅम्पर म्हणतात. इटलीला जायचा हट्ट माझा होता.

हट्टाला कारण होते. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ ते १९४५ या काळात, हिंदी सैन्याच्या तीन डिव्हिजन इटलीत लढल्या, चौथी, आठवी आणि दहावी. माणसे पन्नास हजारांच्या आसपास. त्या मोहिमेत दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसांपैकी सहा हिंदी जवानांना मिळाले. दोन आपल्या मराठा पलटणीचे. माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी तैबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडले. त्यांच्या तुकडीतले सारे मशीनगनच्या माऱ्यात मेले किंवा जायबंदी झाले, तेव्हा हा बावीस वर्षांचा पोरगा एकटा त्या मशीनगनवर धावून गेला; आधी हातबाँब, मग गोळी, आणि मॅगझीन बदलायला सवड नाही म्हणून शेवटी बंदुकीचा दस्ता. दुसरे नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेन्यो नदीवर त्यांनी दोन जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून एकेक करून मागे आणले. मग तीन मशीनगनची ठाणी गप्प केली आणि बांधाच्या माथ्यावर उघड्यावर उभे राहून मराठ्यांची रणगर्जना करीत मागच्यांना पुढे बोलावले. ते वाचले, १९८४ पर्यंत जगले.

आमचे लोक इटलीला जात नाहीत असे नाही. झुंडीने जातात. रोम, पिसा, फ्लॉरेन्स, व्हेनिस. पिशाच्या मनोऱ्याला हाताने टेकू दिल्याचा फोटो प्रत्येक घरात सापडेल. व्यासपीठावर मराठ्यांच्या तलवारीवर तासभर बोलणारा माझ्या ओळखीचा एक गृहस्थ रोमहून नेपल्सला मोटारीने गेला. वाटेत कॅसिनो लागते. तिथल्या स्मारकावर, थडगे न लाभलेल्या चार हजारांवर माणसांत, यशवंत घाडग्यांचे नाव कोरलेले आहे. गृहस्थ थांबला नाही. जेवणाची वेळ टळत होती म्हणे!

पण कॅसिनोत थांबणेही पुरेसे नाही, आणि इथेच फिरत्या घराची बाजू मला घ्यावी लागते. नाव कॅसिनोत आणि मरण तिथून कितीतरी उत्तरेला, उंब्रियाच्या डोंगरात. सान्ग्रो नदीवरची दफनभूमी आद्रियातिक समुद्राच्या अंगाला. तिथल्या दहन-स्मारकावर पाचशेहून अधिक हिंदी जवानांची नावे आहेत, कारण त्यांना पुरले नाही, अग्नी दिला. हिंदी सेनेची आणखी एक दफनभूमी फोर्ली गावात. आगगाडीच्या वेळापत्रकात हे सारे बसत नाही. आमच्या शिक्षकांच्या खोलीत एकाने मला टोमणा मारला होता, “थडगी पाहायला जाताना स्वयंपाकघर कशाला हवे?” त्याला आज उत्तर देतो: जिथे दुसरी कुठली सोय जवळ नाही तिथे पहाटे पोहोचायचे, तर घर बरोबर न्यावे लागते. दोष घराचा नाही. ते रात्री उभे कुठे करता, यावर सारे आहे.

दाजींची रीत सुरुवातीला अशी होती. संध्याकाळी फोन उघडायचा, नकाशावर मुक्कामाच्या जागा पाहायच्या, आणि लोकांनी ज्या जागेला अधिक तारे दिले असतील ती पकडायची. तारे कशाला मिळतात? पाणी गोड आहे का, विजेची जोडणी आहे का, समुद्र किती पावलांवर. लढाई किती पावलांवर, हे कोण लिहिणार? पहिल्या रात्रीसाठी त्यांनी रिमिनीचा किनारा निवडला आणि तिथे पोहोचायच्या घाईत सेन्यो नदी आम्ही भर दुपारी वीस मिनिटांत उरकली. पुलावरून पाहिली. शेतांच्या मधून जाणारा एक लांब गवताळ बांध. त्याच्यामागे पाणी आहे हेसुद्धा दिसेना. “हीच का ती नदी?” बहिणीने विचारले. मला वाटले, आपण उगीच आलो.

मग सान्ग्रो. तिथे पोहोचेतो अंधार पडत आला. दाजी म्हणाले, “दादा, दारासमोर मोकळी जागा आहे, फुकट आहे, शांत आहे. आणखी काय हवं?” मीही थकलो होतो. कबूल करतो, मी हो म्हटले. आम्ही छत बाहेर ओढले, खुर्च्या मांडल्या, शेगडीवर पिठले टाकले. बहिणीने धुतलेले टॉवेल आरशाला अडकवले. सकाळी जाग आली ती पावलांच्या आवाजाने. एक म्हातारी बाई हातात फुले घेऊन फाटकाकडे चालली होती आणि तिच्या वाटेत आमच्या खुर्च्या होत्या. ती काही बोलली नाही. खुर्चीला वळसा घालून आत गेली. ती कुणासाठी आली होती, ठाऊक नाही; त्या २६०० हून अधिक थडग्यांत तिचे आप्त असणे कठीणच. पण तिच्याकडे फुले होती, आणि ज्यांची माणसे तिथे होती त्या आमच्याकडे वाळत घातलेले टॉवेल.

म्हणजे दोन चुका झाल्या, आणि हे रस्ते मळवणारे लोक या दोन चुकांपलीकडे जातच नाहीत: एक, मुक्काम इतका दूर की भूमी दिसत नाही, दुसरी, इतका जवळ की आपणच तिच्यावर पथारी पसरतो. दुसरीचे समर्थन करणारे कायदा दाखवतात. तोही मी समजून घेतला. इटलीच्या १९९२ च्या वाहतूक संहितेतले १८५ वे कलम सांगते, की गाडी फक्त चाकांवर उभी असेल, आपल्या आकारापलीकडे जागा व्यापत नसेल आणि इंजिनाच्या धुराखेरीज काही बाहेर सोडत नसेल, तर ते उभे राहणे. तळ ठोकणे नव्हे. छत ओढले, खुर्ची मांडली की तो तळ झाला. म्हणजे कायद्यानेही आम्ही गुन्हेगारच होतो. पण समजा खुर्च्या नसत्या, तरी काय? फाटकासमोर झोपायला कलमाची आडकाठी नसेल. लाजेची असायला हवी.

मग जागा शोधावी कशी? मी दाजींच्या हातून फोन काढून घेतला नाही, फक्त क्रम उलटा केला. आधी लढाईची जागा नकाशावर टाकायची, तिच्याभोवती पायी तासाभराचे वर्तुळ काढायचे, आणि त्या वर्तुळात, पण स्मारकाच्या नजरेआड, जागा पाहायची. इटलीत पुष्कळ नगरपालिकांनी कॅम्परसाठी तळ राखलेले असतात. त्यांना ‘आरेआ दी सोस्ता’ म्हणतात. स्वच्छ पाणी भरायला नळ, घाण पाणी सोडायला जाळी. (संडासाची पेटी हाताने नेऊन रिकामी करावी लागते. ते काम माझ्याकडे होते. मास्तरकीत अंगी बाणलेला सारा रुबाब त्या शंभर पावलांत उतरतो.) ते नसेल तर पाहुण्यांना उतरवून घेणाऱ्या शेतकऱ्याला आधी फोन करून विचारावे. आणि जुन्या गावांच्या आत गाडी घालू नये; वाहनबंदीच्या हद्दीवर कॅमेरे असतात, दंडाची चिठ्ठी घरापर्यंत येते.

उंब्रियात आम्ही असेच एका शेताच्या अंगणात उतरलो आणि डोंगरावरच्या मोंतोने गावात पायी चढून गेलो. तिथे जुलै २०२३ मध्ये यशवंत घाडग्यांच्या नावाचे स्मारक उभे राहिले आहे, सूर्याच्या सावलीवर चालणाऱ्या घड्याळाचे. चढताना मला धाप लागली आणि खाली पाहिले तेव्हा कळले, की या खोऱ्यात वर बसलेल्याला खालचा प्रत्येक माणूस दिसतो. मोटारीने वर गेलो असतो तर हे कळले नसते.

परतीच्या वाटेवर सेन्यो पुन्हा गाठली. या वेळी किनारा नाही. गावाच्या तळावर रात्र काढली आणि उजाडताना एकटा बांधावर गेलो. पायथ्याशी उभा राहिलो तर पलीकडचे काही दिसत नाही. हातापायांनी वर चढावे लागले. गवत दवाने निसरडे होते. वर पोहोचलो आणि आकाशावर आपली आकृती किती उघडी पडते, ते अंगावर आले. पाठीवर माणूस घेऊन हा बांध चढायचा. मग पुन्हा जायचे, दुसऱ्याला आणायला. आणि शेवटी इथे, नेमके इथे, ओरडत उभे राहायचे. मी चाळिशी ओलांडलेला माणूस. मला रिकाम्या हातांनी उतरताना बसून घसरावे लागले.

दाजींना हे अजून पुरते पटलेले नाही. रिमिनीचा किनारा फुकट गेला, असे ते म्हणतात. पुढल्या खेपेला फ्रान्समध्ये नव्ह शापेलला जायचे ठरते आहे. तिथे १९१५ च्या मार्चमधली लढाई आणि १९२७ साली उघडलेले हिंदी सैनिकांचे स्मारक. मुक्काम कुठे, यावरून आमचे भांडण आतापासूनच जुंपले आहे. त्यांनी समुद्राजवळचा एक तळ शोधून पाठवला. चार तारे आहेत. मी परत लिहिले, स्मारकापासून किती पावले?