नायिका कोणाची?

स्त्री-प्रश्नावर शिबिरे भरतात तेव्हा किमान वेतन, हुंडा, जमिनीवरील नाव या विषयांवर तळमळीने चर्चा होते. कथा-कादंबऱ्यांतील आणि नाटकांतील स्त्री हा विषय मात्र साहित्यिकांच्या फुरसतीचा म्हणून वगळला जातो. ही वाटणी चुकीची आहे. आपल्या वाट्याला आलेले जगणे न्याय्य की अन्याय्य, हे माणूस केवळ कायद्याच्या कलमांवरून ठरवीत नाही. ऐकलेल्या आणि पाहिलेल्या गोष्टींवरूनही ठरवीत असतो. म्हणून सामान्य स्त्रीला आपला चेहरा कोणत्या नायिकेत दिसतो, हा प्रश्न चळवळीचाही आहे.

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील करडी हे धानाच्या मुलुखातले गाव. या मुलुखातील स्त्री पावसाळ्यात बांधीच्या चिखलात दिवसभर वाकून पऱ्हे लावते, उन्हाळ्यात तेंदूपाने तोडते, आणि एरवी मिळेल त्या मजुरीवर घर चालविते. मराठी साहित्यात ती स्वतःला कोठे पाहणार?

जुन्या पिढीतील स्त्रीने या प्रश्नाचे उत्तर स्वतःच शोधले होते. जात्यावरच्या ओवीतील सीता ही राजाची राणी राहत नाही. निरपराध असून घराबाहेर काढलेली, वनात एकटी बाळंत झालेली ती एक सासुरवाशीण होते. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. निरक्षर म्हणून हिणविलेल्या स्त्रियांनी पुराणातील नायिकेला आपल्या अनुभवाच्या मापाने नव्याने घडविले, याचा तो पुरावा आहे.

छापील पुस्तकांची वाट वेगळी झाली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून स्त्रीला कपटी ठरविणाऱ्या लेखकांना खडसावले. 1890 मध्ये हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी ‘करमणूक’मधून येऊ लागली आणि यमूच्या तोंडून विधवेचे दुःख मराठी घरांत पोचले. 1933 मध्ये विभावरी शिरूरकर या टोपणनावाने आलेल्या ‘कळ्यांचे निःश्वास’ने पुण्या-मुंबईत खळबळ उडविली. आरसा खरा असल्यावाचून एवढा संताप होत नाही. तथापि हा आरसा पांढरपेशा घराच्या भिंतीवर टांगलेला होता. केशवपनाचे संकट बहुजन समाजातील अनेक जातींत नव्हते. तेथे पाट लावण्याची रीत होती. दिवसभराच्या मजुरीने मोडलेली कंबर मात्र त्या कादंबऱ्यांत नव्हती.

समाजवादी घराघरांत ज्या पुस्तकावर मुले वाढली, त्या ‘श्यामची आई’बद्दलही हे नम्रपणे म्हटले पाहिजे. 1933 साली नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी ते लिहिले. त्यातील माता थोर आहे. पण ती मुलाच्या नजरेला दिसलेली माता आहे. तिला स्वतःसाठी काय हवे होते, हे विचारणारे त्या घरात कोणी नव्हते.

उणीव भरून निघाली ती विदर्भातच. उद्धव शेळके यांची ‘धग’ 1960 साली प्रसिद्ध झाली. शिवणकाम करणारा दुबळा नवरा, पुढे त्याला जडलेला महारोग, पदरची मुले आणि मजुरी करून संसार ओढणारी कौतिक! तिची वऱ्हाडी बोली झाडीबोलीहून वेगळी असली, तरी तिच्या घामाला आणि तिच्या चुलीच्या विवंचनेला जिल्ह्याची सीमा नाही. कौतिक देवी नाही. ती चिडते, हट्ट धरते, स्वाभिमानाने निर्णय घेते आणि अखेर हरते. लेखक पुरुष असूनही त्याने तिच्या सोशिकपणाची आरती केली नाही. पुढे कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ 1981 साली, तर शांताबाई कांबळे आणि बेबी कांबळे यांची आत्मकथने 1986 साली पुस्तकरूपाने आली. कथा-कादंबऱ्यांनी जिला जागा नाकारली होती, ती दलित स्त्री आता स्वतःच्या नावाने बोलू लागली.

परंतु चेहरा दिसला म्हणजे काम झाले असे नव्हे. दिवाळीनंतर धान घरी येऊ लागले की झाडीपट्टीत मंडई भरते, शंकरपट होतात आणि नाटके रात्र रात्र चालतात. दंडार व खडी गंमत यांत स्त्रीची भूमिका परंपरेने पुरुषच करीत आला. आज रंगभूमीवर स्त्रिया आहेत. तरीही छळ सोसणारी सून शेवटी साऱ्यांना क्षमा करते, हा साचा लोकप्रियच आहे. दूरचित्रवाणीवरील मालिकांनी तो रोज संध्याकाळी घरात आणला. प्रेक्षक स्त्री रडते, कारण तिला स्वतःची ओळख पटते. आणि निमूटपणे कामाला लागते, कारण सोसणे हाच मोठेपणा असल्याचे तिला पुन्हा एकदा सांगितले गेलेले असते.

डॉ. राममनोहर लोहिया यांनी सावित्रीपेक्षा द्रौपदीला भारतीय स्त्रीचा आदर्श मानले, त्यामागील मर्म हेच होते. द्रौपदी भर सभेत प्रश्न विचारते आणि उत्तर मागते. ही चर्चा केवळ पुराणातली नव्हे. मुलीला शिकविणारी, आपल्या जमिनीच्या हक्कासाठी उभी राहणारी दलित स्त्री 2006 साली याच मोहाडी तालुक्यातील खैरलांजीत आपल्या मुलांसह मारली गेली. प्रश्न विचारणारी स्त्री उद्दाम, आणि सोसणारी तेवढी सुशील, अशी शिकवण ज्या गोष्टींतून पिढ्यान्‌पिढ्या मिळते, त्या गोष्टी निरुपद्रवी मानता येणार नाहीत.

याचा अर्थ प्रत्येक नायिकेच्या हाती झेंडा द्यावा असा नाही. घोषणा देत दर वेळी जिंकणारी नायिका पुरोगामी लेखकांनीही पुष्कळ रंगविली; तिच्यात कोणाही स्त्रीला स्वतःचा चेहरा दिसला नाही. 1983 साली स्त्री मुक्ती संघटनेने रंगमंचावर आणलेले ज्योती म्हापसेकर यांचे ‘मुलगी झाली हो’ वस्त्यावस्त्यांत पोचले, कारण त्यातील प्रसंग प्रेक्षक स्त्रियांच्या घरातले होते आणि त्यांवरचा प्रश्न नवा होता. ओळख आणि प्रश्न ही दोन्ही हवीत. नुसत्या ओळखीतून अश्रू येतात आणि नुसत्या प्रश्नातून व्याख्यान होते.

कार्यकर्त्यांच्या हाती साधने आहेत. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी वाचनालये खेड्यांतही आहेत. तेथील कपाटात ‘धग’ आहे का, ‘जिणं आमुचं’ आहे का, हे पाहावे. नसल्यास मागणी करावी. रोवणी संपल्यानंतरच्या दिवसांत स्त्रियांच्या बैठकीत एखादे प्रकरण मोठ्याने वाचावे. वाचून झाल्यावर भाषण करू नये. कौतिकने हे बरोबर केले का, एवढेच विचारावे आणि ऐकत बसावे. करडीच्या बांधीतून आलेली स्त्री जे उत्तर देईल, ते कोणत्याही नायिकेच्या संवादाहून मोलाचे असेल. आणि उद्याचा लेखकही, बहुधा उद्याची लेखिकाच, त्या उत्तरातून घडेल.